तलवार म्यानात, जीभ बाहेर: रोल-प्लेइंग गेममधलं बोलकं पात्र, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुळे सोलापुरात एका मित्राच्या माडीवर आमचा कंपू शनिवारी गेम खेळायला जमतो. नवीन येणारा जवळपास प्रत्येक जण आधी मोठी तलवार आणि जाड चिलखत घेतो. थोडं खेळून झालं की त्यालाच वाटायला लागतं, न लढता नुसतं बोलून भागलं तर? तिथून पुढे ठरलेले प्रश्न सुरू होतात. तीच उत्तरं तोंडी देऊन घसा दुखला, म्हणून लिहून काढली. जिथे एखाद्या गेमचं गुपित फुटतं तिथे आधी सावध केलं आहे.

करिश्मा वाढवल्याने नेमकं होतं काय?

गेम बदलला की उत्तर बदलतं. करिश्मा म्हणजे पात्राची समोरच्यावर पडणारी छाप, आकड्यात मोजलेली; हा आकडा आला डंजन्स अँड ड्रॅगन्समधून. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा तो टेबलावरचा खेळ 1974 मध्ये निघाला, तेव्हाच सहा गुणांमध्ये करिश्मा होता. त्याचं मुख्य काम तेव्हा पगारी माणसं सांभाळणं हे होतं: किती जण तुमच्याबरोबर येणार आणि संकटात किती टिकणार. ही जुनी समज पुढच्या गेमांतही दिसते. फॉलआउट 2 मध्ये (1998) तुमच्या करिश्म्याच्या निम्मे सोबती तुम्हाला ठेवता येतात. करिश्मा दोन असेल तर एकच, बसा त्याच्याशी गप्पा मारत.

आताच्या गेमांत हा आकडा बहुतेक वेळा संवादात उपयोगी पडतो आणि दुकानातल्या भावावरही त्याचा परिणाम होतो. बाल्डर्स गेट 3 मध्ये (2023) याखेरीज बार्ड, पॅलाडिन, सॉर्सरर आणि वॉरलॉक या चार वर्गांची जादू करिश्म्यावरच चालते. म्हणजे यांपैकी कोणी निवडलात तर गोड बोलणं आणि आग फेकणं दोन्ही एकाच आकड्यातून निघतं. नवख्याला मी डोळे झाकून बार्ड, म्हणजे गाणारा-वाजवणारा जादूगार, सांगतो.

फाशाचं गणित सोपं करून सांगता का?

बाल्डर्स गेट 3 घेऊ. वीस बाजूंचा फासा पडतो, त्यात तुमची भर मिसळते आणि बेरीज समोरच्या आकड्याइतकी किंवा जास्त झाली की जमलं. भर काढायची ती अशी: करिश्म्यातून दहा वजा करा, निम्मे करा, अपूर्णांक सोडून द्या. सुरुवातीला करिश्मा 17 पर्यंत नेता येतो, त्याचे तीन. परसुएशनमध्ये, म्हणजे मन वळवण्याच्या कौशल्यात, तुम्ही तरबेज असाल तर पहिल्या लेव्हलला आणखी दोन. एकूण पाच.

आता समोर 15 आहे असं धरा. फाशावर दहा किंवा वर हवेत, म्हणजे 55 टक्के. निम्म्याहून जरा जास्त. बहुतेक जण इथेच फासा टाकतात, हरतात आणि गेमला शिव्या घालतात. शॅडोहार्ट या सोबतिणीसारख्या क्लेरिककडून (देवाच्या कृपेने जादू करणारा वर्ग) गायडन्स हा मंत्र घेतला की चार बाजूंचा आणखी एक फासा मिळतो आणि शक्यता 67.5 वर जाते. फ्रेंड्स या मंत्राने वीस बाजूंचा फासा दोनदा टाकून मोठा आकडा धरता येतो. नुसत्या त्याने 79.75. दोन्ही एकत्र असतील तर साधारण 89 टक्के. तेच पात्र आहे आणि तेच वाक्य. फरक फक्त ओठ उघडण्याआधी केलेल्या तयारीचा आहे.

दोन अटी लक्षात ठेवा. हे दोन्ही मंत्र एकाग्रतेवर चालतात, म्हणून एकच माणूस दोन्ही धरून ठेवू शकत नाही; दोघांत वाटून घ्या. आणि फ्रेंड्सचा अंमल उतरला की समोरच्याला आपल्यावर जादू झाल्याचं कळू शकतं, मग तो बोंब मारतो. परत तोंड दाखवायची वेळ येणार नाही अशाच माणसावर तो वापरावा.

बार्ड तिसऱ्या लेव्हलला गेला की दोन कौशल्यांत एक्सपर्टाइज घेतो आणि तिथली तरबेजपणाची भर दुप्पट होते. पाचाचे सात होतात, आणि मग 15 चा आकडा किरकोळ वाटायला लागतो.

एवढं करूनही एक पडला तर?

गेला. त्या गेममध्ये फाशावर एक म्हणजे हार आणि वीस म्हणजे जीत, मग भर कितीही असो. इन्स्पिरेशन (खेळताना मिळणारं बक्षीस) शिल्लक असेल तर परत टाकता येतो. ती जास्तीत जास्त चार साठवता येतात आणि पाचवं वाया जातं, तेव्हा कंजूषपणा करू नका.

सरळ एफ आठ दाबून जुना सेव्ह उघडला तर काय बिघडलं?

गेम तुमचा, पैसे तुमचे. माझं मत विचाराल तर बोलक्या पात्राची मजा यानेच सगळ्यात जास्त मरते. तलवारबाज हरला तर मरतो, त्याला परत उघडण्यावाचून गत्यंतर नाही. बोलणारा हरला तर गोष्ट दुसरीकडे वळते: पहारेकरी चिडतो, खोटं उघडं पडतं, सोबती नाराज होतो आणि तुम्हाला नवं काहीतरी बोलावं लागतं. सगळे फासे जिंकलेलं पात्र फार गुळगुळीत होतं. आमच्यातल्या एकाने ऑनर मोडमध्ये बार्ड चालवला. 2023 च्या नोव्हेंबरात आलेल्या त्या प्रकारात सेव्ह एकच असतो, मागे जायची सोय नाही. त्याच्या प्रत्येक फाशाला अख्खी खोली श्वास रोखून बसायची.

सेटिंगमध्ये कार्मिक डाइस नावाची एक गोष्ट आधीपासून चालू असते. लागोपाठ वाईट दान पडू नये म्हणून ती फाशाला जरा हात लावते. कोरं नशीब हवं असेल त्यांनी बंद करावी.

परसुएशन लिहिलेली ओळ दिसली की तीच निवडायची ना?

नाही. बहुतेकांचं बोलकं पात्र इथेच फसतं. ओळीच्या आधी कौशल्याचं नाव छापलंय याचा अर्थ एवढाच की इथे फासा पडणार आहे. ती ओळ शहाणपणाची आहे असं त्यात कुठेही लिहिलेलं नसतं.

नवी पेठेत साडीच्या दुकानात मुरलेला विक्रेता बघा. गिऱ्हाईक गादीवर टेकलं की तो लगेच घड्या मोडत नाही. लग्न कोणाचं, मुलाकडचे की मुलीकडचे, साडी नेसणार कोण आणि पैसे देणार कोण, हे पाणी येईपर्यंत त्याने काढून घेतलेलं असतं. मग साडी दाखवतो नेसणारीला आणि भाव सांगतो देणाऱ्याला. चांगल्या गेमांतला वाक्पटूपणा हाच आहे.

फॉलआउटचा (1997) शेवट इथे फुटतो, नको असेल त्यांनी पुढच्या प्रश्नावर जावं. त्यातला खलनायक, द मास्टर, माणसांना रसायनात बुडवून सुपर म्यूटंट बनवत सुटलाय, आणि याने जगातली भांडणं संपतील असं त्याला मनापासून वाटतं. त्याला तू दुष्ट आहेस म्हणून उपयोग नाही, कारण त्याला तसं वाटतच नाही. पण म्यूटंटांना मुलं होत नाहीत, म्हणजे त्याची सगळी योजना एका पिढीत संपणार, हे समोर मांडलं की तो हादरतो. ब्रदरहूड ऑफ स्टील या गटात व्री नावाची संशोधिका आहे, तिच्या शवविच्छेदनाच्या नोंदींची डिस्क आधीच खिशात असेल तर त्याच्याकडे उत्तर उरत नाही. तो स्वतःच सगळं उडवून द्यायचं ठरवतो आणि तुम्हाला निघून जायला सांगतो. गोळी न झाडता खलनायक संपतो. त्याचं खरं श्रेय आधी ब्रदरहूडच्या बंकरमध्ये जाऊन लोकांशी बोलत बसलेल्या तुमच्या पात्राला जातं.

फॉलआउट: न्यू वेगसमध्ये (2010) लेगेट लेनियस या शत्रू सेनापतीचं तसंच. धरण जिंकलं तरी पश्चिमेचा एवढा मुलूख सांभाळायला रसद कुठून आणणार, हा मुद्दा त्याला मागे फिरवतो. त्यासाठी स्पीच, म्हणजे बोलण्याचं कौशल्य, 100 लागतं. बार्टर (घासाघीस) 100 वरूनही वाट आहे. व्यापारी घरातल्या पोरांना ही दुसरी वाट भारी आवडते.

डेऊस एक्स: ह्यूमन रेव्होल्यूशनमध्ये (2011) तर बोलाचालीच्या सामन्यांत करिश्म्याचा आकडाच नाही. डेट्रॉइटच्या पोलीस ठाण्यात शवागारात जायचं असतं आणि काउंटरवर वेन हास बसलेला असतो, नायकाचा पोलिसातला जुना सहकारी. त्याच्या डोक्यावर एका जुन्या घटनेचं ओझं आहे. तुम्ही त्याचा चेहरा, आवाज, अडखळणं बघायचं आणि पुढची ओळ ठरवायची. न ऐकता मधलीच ओळ दाबणाऱ्याला तो हाकलून देतो.

पेंटिमेंट (2022) याच्याही पुढे जातो. सोळाव्या शतकातल्या बव्हेरियातलं गाव, नायक आंद्रेआस मालर हा चित्रकार. त्यात एखाद्याचं मन वळवायची वेळ येते तेव्हा गेम मागचा हिशोब काढतो: याच्याशी तुम्ही आधी काय बोललात, काय केलंत. गंमत म्हणून मारलेला टोमणा तासाभराने अंगावर येतो.

मग निळ्या अक्षरातली ओळ?

मास इफेक्टबद्दल (2007) म्हणताय. निळी म्हणजे सभ्यपणे, लाल म्हणजे धाकाने. त्यातला सॅरेन या खलनायकाचा प्रसंग जबरदस्त आहे, पण पद्धत मला पटत नाही. वर डावीकडे निळं दिसलं की हात आपोआप तिकडे जातो आणि आपण वाक्य वाचायचंच सोडून देतो.

मी चारचौघांत तोंड उघडत नाही. मला असं पात्र जमेल का?

जमेल, आणि कदाचित चांगलं जमेल. व्हिडिओ गेममध्ये वाक्यं लिहिलेली असतात, तुम्ही फक्त निवडता. घाई नाही, बाल्डर्स गेट 3 मध्ये समोरचा तुमच्या उत्तराची तास तास वाट बघत उभा राहतो. कमी बोलणारी माणसं ऐकतात जास्त, आणि वर म्हटल्याप्रमाणे अर्धं काम तिथेच होतं. आमच्या कंपूतला सगळ्यात अबोल मुलगा सगळ्यात लबाड वॉरलॉक चालवतो. त्याला रस्त्यात कोणी "काय करलालास बे?" विचारलं तर "काय नाय" यापलीकडे उत्तर येत नाही.

टेबलावरचा डंजन्स अँड ड्रॅगन्स वेगळा. तिथे बोलायचं तुम्हालाच. तरी मी खेळ चालवतो तेव्हा भाषणाची अपेक्षा ठेवत नाही. "मी त्याला त्याच्या मुलीची आठवण करून देतो" एवढं सांगितलं तरी पुरे, पुढचं फासा बघेल. ताकदीचा फासा टाकण्याआधी कोणाला खरोखरची गादी उचलायला लावत नाही आपण.

इंग्रजी कच्चं आहे. संवाद डोक्यावरून जातात.

हा सोलापुरातला खरा प्रश्न आहे आणि तो लाजत लाजत विचारला जातो. या पानावरच्या गेमांत मराठी नाही. सबटायटल चालू ठेवा, अक्षरं मोठी करा. बाल्डर्स गेट 3 मध्ये आवाज, चेहरा आणि हातवारे आहेत, त्यामुळे रोख कळतो. डिस्को एलिसियमने सुरुवात मात्र करू नका. त्यात वाचायला डोंगरभर आहे आणि भाषा मुद्दाम वाकडी.

आमच्याकडे एक जण वाचतो आणि बाकीचे वाद घालतात. एकाच्या घरी तेलुगू, दुसऱ्याच्या कन्नड, तिसऱ्याची आजी दखनी बोलणारी, आणि भांडण सगळ्यांचं सोलापुरी मराठीत. गॉब्लिनला काय उत्तर द्यावं यावर तीन भाषांतून सूचना येतात. इंग्रजी ओळीचा अर्थ लावत बसल्याने प्रत्येक पर्याय नीट तपासला जातो, हा फायदाच आहे.

परसुएशन, डिसेप्शन, इंटिमिडेशन, परफॉर्मन्स. यातलं कोणतं घेऊ?

दोनच घेता येत असतील तर परसुएशन आणि डिसेप्शन, म्हणजे मन वळवणं आणि थाप मारणं. धमकीने काम होतं, पण सोबत्यांची मर्जी सांभाळावी लागते. परफॉर्मन्स बार्डच्या हौसेसाठी.

पात्र देखणं असावं लागतं का?

नाही. आर्केनम (2001) नावाच्या गेममध्ये तर सौंदर्य आणि करिश्मा हे दोन वेगळे आकडे आहेत, आणि तेच बरोबर वाटतं. न्यू वेगसमध्ये लेडी किलर, ब्लॅक विडो अशा नावांचे पर्क (पात्राला मिळणारे खास गुण) आहेत, त्यांनी ठराविक लोकांशी बोलताना जास्तीच्या ओळी मिळतात; बेनी या खलपात्रासमोर ब्लॅक विडो वापरून बघाच. त्याच गेमची आणखी एक गंमत: तुमचं कौशल्य कमी पडत असेल तर ती ओळ लपवत नाहीत, तुम्ही ती किती गबाळेपणाने बोलाल तेच दाखवतात. वाचूनच कळतं की हे तोंडातून निघालं तर हसं होईल. मी तरीही निवडतो.

सगळं बोलण्यावर खर्च केलं आणि मारामारी अंगावर आली तर?

येणारच. व्हॅम्पायर: द मास्करेड – ब्लडलाइन्स (2004) याचं ठळक उदाहरण. पहिला अर्धा गेम टोरिअडोर घराण्याच्या गोड बोल्या रक्तपिपासूसाठी स्वर्ग आहे: परसुएशन, सिडक्शन, इंटिमिडेशन, प्रत्येकाची ओळ वेगळ्या अक्षरांत. उत्तरार्धात गटारं आणि हाणामारीच. तिथे वाक्पटू माणूस उंदरासारखा मारला जातो. तेव्हा निम्म्याच्या आतच थोडे गुण बंदुकीवर किंवा हाणामारीवर घाला.

बाल्डर्स गेट 3 मध्ये हा त्रास कमी, कारण तीन सोबती असतात. तुम्ही बोला, कार्लाक मारेल.

आणि तिथे बोलून खरंच एखादा मोठा शत्रू मरतो?

गुपित फुटतंय, दुसऱ्या अंकातलं. शार या देवीच्या गाभाऱ्यात युर्गिर नावाचा राक्षस करारात अडकून पडलाय. त्या कराराची कलमं तुम्ही त्याच्या तोंडून नीट ऐकून घेतलीत, तर त्यातली पळवाट म्हणून त्याला आधी स्वतःचे शिपाई, मग लाडकं जनावर आणि शेवटी स्वतःलाच संपवायला लावता येतं. हा प्रसंग चालू असताना आमच्या खोलीत आधी टाळ्या पडल्या आणि जनावराची पाळी आली तेव्हा कोणीच काही बोललं नाही. त्याच अंकात मॅलस थॉर्म नावाचा शल्यविशारद आहे, त्याच्या नर्सना त्याच्यावरच शस्त्रक्रिया करायला लावता येते. फासे अवघड आहेत, गायडन्स विसरू नका.

वाईट माणूस म्हणून खेळलं तर चालेल?

चालेल की. फक्त ठरवून वाईट व्हा. बोलक्या खलनायकाला काहीतरी हवं असतं आणि बाकी सगळं त्यासाठी चाललेलं असतं. दिसेल त्याला टपली मारणारं पात्र चौथ्या गावात कंटाळवाणं होतं. आणि सोबती ऐकत असतात हे लक्षात ठेवा. पहारेकऱ्याला तुम्ही छान गंडवलंत, पण शेजारी उभ्या विलला ते आवडेलच असं नाही.

चौघं मिळून खेळताना बोलणार कोण?

बाल्डर्स गेट 3 मध्ये ज्याने जाऊन संवाद सुरू केला तो, आणि भांडणाचं मूळ इथेच आहे. बार्ड पेटी उघडत बसलेला असतो, बार्बेरियन सहज पुढे जातो आणि गावप्रमुखाशी त्याचं बोलणं सुरू होतं; करिश्मा आठ. बाकीच्यांना ऐकता येतं आणि आवडलेल्या ओळीवर आपली खूण ठेवता येते, पण अखेर बोट त्याचंच. आमचा नियम असा की नाव असलेलं कोणी दिसलं की बाकीचे मागे थांबतात. तो पाळला जात नाही.

डिस्को एलिसियममध्ये करिश्मा दिसतच नाही. कुठे गेला?

वाटून टाकलाय. 2019 च्या त्या गेममध्ये चोवीस कौशल्यं आहेत आणि ती तुमच्या डोक्यात एकमेकांवर ओरडतात. रेटरिक वाद जिंकायला सांगतं, एम्पथी समोरचा कुठे दुखावला ते दाखवतं, ऑथॉरिटीला मान हवा असतो, ड्रामा खोटं बोलायला आणि पकडायला शिकवतं, सजेशन हळूच मनात काही पेरतं. कौशल्य फार वाढवलं तर ते तुम्हालाच वाहवत नेतं. ऑथॉरिटी खूप असलेला तुमचा पोलीस नायक क्षुल्लक गोष्टीत हुज्जत घालतो. फासे सहा बाजूंचे, दोन. पांढऱ्या रंगाची तपासणी (फाशाची कसोटी) हुकली तर कौशल्य वाढवून परत करता येते, लाल एकदाच. हरल्यावरचे प्रसंग जिंकल्याइतकेच, कधी जास्त मन लावून लिहिले आहेत. एफ आठ दाबायची सवय घालवायला याच्यासारखं औषध नाही. इंग्रजी जरा सुधारलं की खेळाच.

स्कायरिममध्ये स्पीच वाढतच नाही.

सामान विका. बोलून कमी वाढतं, विकून जास्त. गुहेतले गंजके सुरे दुकानदाराच्या गळ्यात मारत राहिलात की आपसूक वक्ते व्हाल.

घरचा लॅपटॉप जुना आहे, कशाने सुरुवात करू?

बाल्डर्स गेट 3 ला एसएसडीवर 150 जीबी जागा लागते आणि बऱ्यापैकी ग्राफिक्स कार्ड. ते नसेल तर न्यू वेगस घ्या, जुन्या यंत्रावरही चालतो. करिश्मा कमी ठेवलात तरी हरकत नाही, त्यातलं काम मुख्यतः स्पीच या कौशल्यावर होतं आणि ते दर लेव्हलला वाढवता येतं. कौशल्य पुरेसं असेल तर ओळ लागतेच, फासा नाही. फॉलआउट 3 मध्ये (2008) मात्र टक्केवारी होती, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी खेळलात तर गोंधळ होईल. पेंटिमेंटही हलका आहे. एप्रिल-मे मध्ये दुपारी खेळणार असाल तर लॅपटॉपखाली कुलिंग पॅड ठेवा आणि सेव्ह करत राहा. आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर गेला की गेमच्या आधी लॅपटॉपच बंद पडतो.